आजीचा मायटोकॉन्ड्रिया आणि वडिलांचं प्रोस्टेट

सोलापुरातून बोलतोय. मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. त्याच्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघालाय. घरात कुणीतरी मोबाईलवर वाचलं की मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए बिघडला की हा कॅन्सर होतो, आणि तो डीएनए आईकडून येतो. झालं! सगळे आजीकडं बघायला लागले. आजी दोन दिवस नीट जेवली नाही.

म्हणून आजचा भाग.

मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे शाळेतली तंतुकणिका. पेशीला ऊर्जा देणारी. तिच्याकडं स्वतःचा छोटासा डीएनए असतो: 16,569 अक्षरं, 37 जनुकं. तो आईकडून येतो, हे खरंय. पण एकेका पेशीत त्याच्या शेकडो, कधी हजारो प्रती असतात, आणि त्या असतात कुठं? जिथं ऊर्जा तयार होते तिथंच. चुलीला चिकटून ठेवलेली वही समजा. ठिणग्या उडतात, पानं करपतात. वय वाढेल तसे बदल साठत जातात. हे करपणं वडिलांच्या अंगातलं, त्यात आजीनं काय केलं?

आता प्रोस्टेटची गंमत ऐका. इथल्या निरोगी पेशी जस्त साठवतात. त्या जस्तामुळं सायट्रेट जाळलं जात नाही, ते वीर्यात सोडलं जातं. कॅन्सर होताना जस्त घटतं आणि पेशी तेच सायट्रेट जाळायला लागते. म्हणजे इथं मायटोकॉन्ड्रिया थंड पडत नाही, उलट जोरात कामाला लागतो.

2005 साली अमेरिकेत डग्लस वॉलेस यांच्या गटानं यावर काम केलं. या डीएनएमधला एक बदल त्यांनी प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींत घातला आणि त्या उंदरांत सोडल्या. बदल नसलेल्या पेशींपेक्षा गाठी सातपट मोठ्या झाल्या! म्हणजे हा बदल गाठ वाढवू शकतो. त्याच अभ्यासात सीओआय नावाच्या जनुकातले बदल 11 ते 12 टक्के प्रोस्टेट कॅन्सरमध्ये सापडले, कॅन्सर नसलेल्यांच्या गटात 2 टक्क्यांहून कमी. पण सर्वसाधारण लोकांत? 7.8 टक्के. हा आकडा कुणी फॉरवर्ड करत नाही बघा. काही बदल जन्मतः आलेले असतात, तरी बदल आहे म्हणजे कॅन्सर होणारच, असं नाही.

घराण्यात बघायचंच असेल तर बीआरसीए-2 सारखी जनुकं बघतात. ती पेशीच्या केंद्रकात असतात, आईकडून येतील नाहीतर वडिलांकडून.

आपल्या जिल्ह्यात, बार्शीला, 1987 पासून कॅन्सरची नोंदणी चालते, देशातली पहिली ग्रामीण नोंदणी. त्यासाठी माणसं गावोगाव फिरली. कारण आपल्याकडं लघवीला त्रास झाला तरी "वय झालंय" म्हणून गप्प बसतात. रक्त दिसलं, धार अडकली, तर डॉक्टरकडं न्या. पीएसए वाढलेलं दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, साध्या वाढलेल्या प्रोस्टेटमध्येही ते वाढतं.

आणि मित्रा, हा भाग आजीला स्पीकरवर लावून ऐकव. वडिलांची पुढची तारीख कधी आहे, तेही कळव.