दिलेल्या शब्दाचा जमाखर्च

‘आज रोख, उद्या उधार’ ही पाटी दुकानात शोभते. मोठ्या धर्मादाय संस्थेच्या कचेरीत मात्र येणे आणि देणे यांवाचून हिशेबच पुरा होत नाही. ज्याच्याकडून येणे तो ऋणको, ज्याचे देणे तो धनको, हे तुम्ही जाणताच. पण नफा न कमावणाऱ्या संस्थेला धनको कोठून आले?

लंडनच्या वेलकम ट्रस्टचे उदाहरण घेऊ. औषधांचे कारखानदार सर हेन्री वेलकम १९३६ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्रान्वये कंपनीचे भाग विश्वस्तांच्या हाती आले व त्यांच्या उत्पन्नातून वैद्यकीय संशोधनाला साहाय्य होऊ लागले. २००८ साली या संस्थेने भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाशी भागीदारी केली, आणि त्या भागीदारीतून तिचा पैसा आपल्या संशोधकांनाही मिळू लागला.

आता समजा, अशा संस्थेने एका विद्यापीठाला कळविले, ‘पाच वर्षांत दहा लाख पौंड देऊ, दरसाल दोन लाख.’ पहिल्या वर्षी खर्च किती झाला? घरगुती हिशेबाने दोन लाख. पण ब्रिटनमधील धर्मादाय हिशेबाचा नियम निराळा आहे. शब्द कळविला आणि माघार घेण्याजोगी अट हाती ठेवली नाही, की संपूर्ण दहा लाख त्याच वर्षी खर्ची पडतात. पहिला हप्ता गेल्यावर उरलेले आठ लाख ताळेबंदात देणे म्हणून दिसतात : दोन लाख वर्षाच्या आत फेडायचे, सहा लाख त्यानंतरचे. पुढल्या साली हप्ता गेला, की बँकेतली शिल्लक घटते आणि देणेही तेवढेच घटते. खर्च पुन्हा लिहीत नाहीत. (दूरच्या हप्त्यांची आजची किंमत काढताना व्याजही धरतात, तो बारकावा येथे सोडू.)

हा खटाटोप कशासाठी? त्या शब्दावर विसंबून विद्यापीठ तरुण संशोधक नेमते, यंत्रे मागविते. देणे लिहिलेच नाही, तर शिल्लक भरघोस दिसेल आणि विश्वस्त अगदी सद्‌हेतूने तेच पौंड दुसऱ्याला कबूल करतील. मग तिसऱ्या वर्षी कुणाची तरी प्रयोगशाळा बंद पडायची!

उलट, ‘तीन वर्षांनी काम पाहून पुढचे ठरवू’ असा अधिकार संस्थेने खरोखरच राखला असेल, तर शेवटच्या दोन वर्षांची रक्कम देणे ठरत नाही. तो नुसता संकल्प राहतो.

आता येण्याची बाजू. २००२ साली दोन संस्थांच्या विलीनीकरणातून झालेल्या ‘कॅन्सर रिसर्च यूके’ला मृत्युपत्रांतून मोठे उत्पन्न मिळते. एखाद्या बाईने घर संस्थेच्या नावे लिहिले, तर ते येणे केव्हा? ती हयात आहे तोवर नाही. मृत्युपत्र बदलता येते. तिच्या पश्चात न्यायालयाने ते प्रमाणित करावे, कर्जे फिटून काही उरेल असे दिसावे, रकमेचा भरवशाचा अंदाज बांधता यावा. तेव्हाच, पैसा हाती येण्यापूर्वीही, ते येणे म्हणून लिहितात.

म्हणजे दुसऱ्याच्या सदिच्छेला पुरावा लागतो. स्वतःच्या शब्दाला मात्र तो शब्दच पुरे. म्हणून अशा संस्थेचा अहवाल हाती आला आणि देण्याचा आकडा मोठा दिसला, तर दचकू नका. ते देणे केव्हा फेडायचे आणि त्यासाठी गुंतवणूक पुरेशी आहे का, एवढे मात्र जरूर पाहा.