घास पुन्हा चावता यावा म्हणून
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा गोषवारा)



शिरूर काय किंवा दौंड काय, ज्वारी-बाजरीची भाकरी हे येथील घराघरांतले अन्न. ती दातांनी चावली जाते हे खरे. पण जबडा, जीभ, गाल, लाळ आणि ओठांची संवेदना यांचा मेळ बसला तरच घास गिळण्याजोगा होतो. तंबाखू, गुटखा, सुपारी यांपायी कर्करोग होऊन जबड्याचा भाग काढावा लागला, की हा मेळच मोडतो.

न्यूयॉर्कचे शल्यविशारद डेव्हिड हिडाल्गो यांनी १९८९ मध्ये पायातील बारीक हाड रक्तवाहिन्यांसह घेऊन त्यातून खालचा जबडा घडविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. आज ती सर्वमान्य आहे. चेहरा सावरतो आणि आप्तांना वाटते, उपचार संपले. वास्तविक येथे निम्मीच वाट सरलेली असते. कारण या नव्या हाडाला दात नसतात.

स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९६५ मध्ये टायटॅनियमच्या खुंट्या हाडात रोवून एका रुग्णाला स्थिर दात दिले. जन्मतः जबड्यात दोष असलेल्या त्या गृहस्थांना त्या खुंट्या सुमारे चाळीस वर्षे पुरल्या. पायाच्या हाडातून घडलेल्या जबड्यातही अशा खुंट्या बसविता येतात. मात्र किरणोपचार झाले असल्यास कित्येक महिने थांबावे लागते. तोवर तोंड उघडण्याचा व्यायाम नित्य करावा लागतो. नाहीतर जबडा आखडतो. जबडा एका बाजूस ओढला जात असल्यास दातांची जुळणी पुन्हा शिकवावी लागते. किरणोपचारांपूर्वी दंतवैद्यांकडून तपासणी करून घेणे अगत्याचे. नंतर दात काढल्यास हाडाची जखम चिघळण्याचा धोका असतो.

अशा रुग्णाला जेवायला फार वेळ लागतो. चौविहार पाळणाऱ्या घरात त्याचे ताट सर्वांच्या आधी मांडावे, म्हणजे सूर्यास्तापूर्वी त्याचे पोट भरेल. मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली भाकरी द्यावी. उपवासाची इच्छा झाल्यास आधी वैद्यांचा सल्ला घ्यावा, मग महाराजसाहेबांची आज्ञा. ओठ बधिर असल्याने अन्न सांडते आणि त्या संकोचाने रुग्ण पंगत टाळतो. त्याला आग्रहाने शेजारी बसवून घेणे हेही वैयावृत्त्यच होय.

दौंडहून रेल्वेने वा शिरूरहून नगर रस्त्याने पुण्याच्या खेपा घालताना पैसा आणि उमेद दोन्ही आटतात, आणि दातांचे काम अर्धवट राहते. शस्त्रक्रियेसाठी सढळ हाताने देणाऱ्या दात्यांनी या शेवटच्या टप्प्यासाठीही थोडा निधी राखून ठेवावा.

सप्तव्यसनांत तंबाखूचे नाव नाही, कारण ती या देशात फार उशिरा आली. म्हणून ती क्षम्य ठरत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात प्रत्येक घराने तिचे पच्चक्खाण घ्यावे. जय जिनेंद्र!