लेकराबरोबर जेवायला बसा

बचतीचे पैसे गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, की आपल्या गटात एक तक्रार हमखास निघते : "आमचं पोरगं भाजीला तोंडच लावत नाही." आज त्यावरच बोलूया.

ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी ३५ मुलं वयाच्या मानानं बुटकी निघाली. १०० पैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी होतं. यातल्या बऱ्याच घरांत पोट भरतं, पण रोज त्याच त्या खाण्यानं.

बाळाला पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध. मग ते चालू ठेवून वरचं खाणं. दोन वर्षांच्या आतल्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं खाण्याचे आठ गट सांगितलेत. बोटांवर मोजा : आईचं दूध, धान्य आणि कंद, डाळी आणि दाणे, दूध-दही, अंडी, मटण-मासे, पालेभाज्या आणि केशरी फळं-भाज्या, बाकीची फळं-भाज्या. यातले निदान पाच रोज पोटात जायला हवेत. अंगावर पिणाऱ्या बाळाला वरणात कुस्करलेली भाकरी, थोडा शेवग्याचा पाला आणि अर्धं उकडलेलं अंडं दिलं, की पाच झाले. वरून लिंबू पिळा, पाल्यातलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अंगी लागू देत नाही.

आता मूळ अडचण. पोर थुंकून टाकतं, आपण म्हणतो, "याला आवडत नाही," आणि ती भाजी कायमची बंद. पण नवी चव नाकारणं हा लहान मुलांचा स्वभावच आहे. तीच भाजी आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा समोर यावी लागते, तेव्हा जीभ ओळख धरते. म्हणून ताटात बोटाच्या पेराएवढीच वाढा. खाल्ली तर छान, नाही खाल्ली तर गप्प राहा. दोन दिवसांनी पुन्हा वाढा. नाक दाबून भरवू नका. "भाजी खा, मग चॉकलेट देते" असंही म्हणू नका. त्यातून पोर एवढंच शिकतं, की भाजी म्हणजे शिक्षा आणि चॉकलेट म्हणजे बक्षीस.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मूल खायला शिकतं ते बघून. आपल्याकडे आई जेवते कधी? सगळ्यांची ताटं उचलल्यावर, चुलीपाशी, उरलंसुरलं. आई अंबाडीची भाजी चवीनं खाताना लेकराला दिसतच नाही, मग त्यानं ती का खावी? म्हणून दिवसातून एक वेळ तरी लेकराला शेजारी घेऊन, सगळ्यांबरोबर जेवायला बसा. सासूबाईंनाही सांगा, हे लेकरासाठी आहे. यात आपल्याही पोटात वेळेवर चार घास पडतील. अंडं आणलं तर मुलाला आणि मुलीला सारखं.

पोरांना भाजी निवडायला बसवा, परसातला शेवगा ओरबाडू द्या. हातानं तोडलेलं खाऊन बघावंसं वाटतं. लाल भोपळ्याचे घारगे, मुगाचं धिरडं, नाचणीची आंबील, मेथी घातलेली वरणफळं, हे पदार्थ आपल्या हातातलेच आहेत. फक्त लहानग्यांना अख्खे शेंगदाणे, फुटाणे देऊ नका, घशात अडकतात. कूट करून द्या. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका.

शेवटी हिशोबाचं. रडणं थांबवायला दुकानातली दहाची पुडी घेतो. रोज एक म्हटलं तर महिन्याचे तीनशे रुपये. आपल्या गटाची महिन्याची बचत शंभर रुपये आहे! पुडीनं भूक मरते, मग जेवताना ताट सरकवलं जातं. त्या पैशांत घरात अंडी येतील, पेरू येतील, गूळ-दाण्याचे लाडू होतील.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीनं दोन गोष्टी सांगायच्या : लेकरासमोर कोणती भाजी किती वेळा ठेवली, आणि आपण स्वतः किती दिवस त्याच्याबरोबर जेवलो. वहीत बचतीच्या शेजारी तेही लिहूया.