शिक्षक, विद्यार्थी आणि घरातला मोबाइल

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, जळगाव येथे केलेले भाषण)



आपल्या समाजात शिक्षकी पेशा पत्करलेली घरे पुष्कळ आहेत. म्हणूनच हा विषय कार्यकारी मंडळाने मजकडे सोपविला असावा. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. माझ्याच हातून घडलेला एक प्रमाद मात्र सांगावयाचा आहे.

तत्पूर्वी अमळनेरचे स्मरण करतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ हे दैनिक स्वहस्ते लिहून काढीत. पुढे ‘विद्यार्थी’ मासिकही त्यांनी चालविले. वर्ग सुटल्यावरही शिक्षकाचा शब्द मुलांपर्यंत पोहोचावा, ही त्यामागची तळमळ. २०२० साली महामारीमुळे शाळा बंद पडल्या आणि आम्ही व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप काढले, तेव्हा आमचीही तळमळ तीच होती. परंतु छात्रालयातला कागद छात्रालयातच राहत असे. आमचा कागद एका बोटाच्या स्पर्शाने गावभर होतो, आणि मागाहून पुसला तरी कोणी त्याचे चित्र टिपून ठेवले नसेल याची शाश्वती नसते.

शाळा पुन्हा सुरू झाल्यानंतरची गोष्ट. घटक चाचणीच्या गुणांची यादी मी वर्गाच्या ग्रुपवर टाकली. फलकावर तर आजवर लावीत आलोच होतो. मनात किंतु आला नाही. एका कापूसकरी शेतकऱ्याची मुलगी गणितात नापास झाली होती. घरात मोबाइल एकच, तोही थोरल्या भावाच्या खिशात. तिला कळण्यापूर्वीच ती यादी पारावर वाचली गेली. दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत येईना. चौथ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. वडील अहिराणीत बोलले, त्याचा आशय एवढाच, की पोर नापास झाली याचे दुःख नाही. गावाने आधी वाचले आणि आम्ही मागून, याचे आहे. मी मुलीची क्षमा मागितली. ती काहीच बोलली नाही. पुढील आठवड्यात वर्गात आली, पण कितीतरी दिवस मागच्या बाकावर बसत असे.

तेव्हापासून ग्रुपवर गृहपाठ आणि वेळापत्रक यांखेरीज मी काही लिहीत नाही. क्रमांक पालकांचे घेतो, मुलींचे नव्हे. कारण साध्या ग्रुपात एकाचा क्रमांक सर्वांस दिसू शकतो. गुणांचा कागद ज्याच्या त्याच्या हाती देतो. विद्यार्थ्यास एकट्यास संदेश पाठवीत नाही, आणि रात्री तर मुळीच नाही. हेतू निर्मळ असेलही. वाचणाऱ्या घराला तो कसा दिसावा?

संसदेने २०२३ साली संमत केलेल्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येकास बालक मानले असून, त्याच्या माहितीच्या वापरास पालकांची संमती हा सर्वसाधारण नियम ठेवला आहे. शिक्षकांच्या खोलीत तो किती जणांनी वाचला, हे विचारू नये. मीही वरील प्रसंगानंतरच वाचला.

आता थोडे आपल्या घरचे. गुणगौरवासाठी दहावीच्या गुणपत्रिकांची छायाचित्रे मंडळाच्या ग्रुपवर येतात. तीवर बैठक क्रमांक असतो, आईचे नाव असते. आणि मंडळाच्या संकेतस्थळावर निकाल पाहण्यास नेमके हेच दोन तपशील लागतात. यंदापासून गुणपत्रिका ग्रुपवर न टाकता चिटणीसांकडे समक्ष द्याव्यात, अशी माझी विनंती आहे. ते बाहेर मांडवाच्या दाराशी टेबल घेऊन बसले आहेत.