कर्मचारी रक्तदाता गट : नेतृत्वाने मला काय दिले

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कर्मचारी मेळाव्यातील भाषण)



कर्मचाऱ्यांच्या स्वयंसेवी उपक्रमांविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी विश्वस्त मंडळाची सूचना होती. अशा प्रसंगी उपक्रमाचा समाजाला किती लाभ झाला, याचा आढावा घेण्याची प्रथा आहे. तो तपशील रक्तपेढीच्या अहवालात येईलच. मला आज ताळेबंदाची दुसरी बाजू मांडावयाची आहे. असा उपक्रम चालविणाऱ्याच्या स्वतःच्या पदरात काय पडते? ‘समाधान मिळते’ हे उत्तर खरे असले तरी मोघम आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर; मोठी रक्कम ‘किरकोळ’ या एकाच सदराखाली दाखविलेली मला रुचत नाही. म्हणून त्या समाधानाची फोड करून सांगतो.

गेली काही वर्षे आपल्या कर्मचाऱ्यांचा रक्तदाता गट चालविण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. ऐच्छिक रक्तदानाची परंपरा आपल्या राज्याला नवी नाही. लीला मूळगावकर यांनी मुंबईत १९५४ पासून ऐच्छिक रक्तदानाची शिबिरे भरविण्यास प्रारंभ केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानुसार १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून रक्त घेणे बंद झाले. तेव्हापासून रक्तपेढीची सारी भिस्त ऐच्छिक दात्यांवर आणि ते कमी पडले की रुग्णाच्या नातेवाइकांवर आहे. ज्याचा माणूस शस्त्रक्रियागृहात आहे, त्याने त्याच वेळी दाता शोधत शहरभर फिरावे, हे दृश्य आपणांपैकी प्रत्येकाने पाहिले आहे. ते कमी व्हावे, एवढाच आपल्या गटाचा हेतू आहे.

पहिला लाभ असा, की माझ्या स्वतःच्या शिक्षणाचा अर्थ मला येथे नव्याने उमगला. रक्ताच्या तांबड्या पेशी साठवणुकीच्या द्रावणानुसार साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट मात्र पाचच दिवस. पुरुष दात्याला तीन महिन्यांनी आणि स्त्री दात्याला चार महिन्यांनीच पुन्हा रक्त देता येते. म्हणजे एखाद्या जयंतीला भव्य शिबिर भरवून शेकडो दात्यांचे रक्त एकाच दिवशी घेतले, तर त्यातील काही मुदतीत वापरले जात नाही आणि तेच दाते पुढील तीन महिने उपलब्ध राहत नाहीत. मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, माणसे गावी जातात, शिबिरे कमी होतात. अपघात आणि बाळंतपणे मात्र सुट्टी घेत नाहीत. हा प्रश्न मला ओळखीचा वाटला, कारण तो नाशिवंत मालाच्या साठ्याचा प्रश्न आहे. आम्ही मोठ्या शिबिराचा मोह सोडला आणि वर्षभर दर आठवड्याला थोडे थोडे दाते येतील असे वेळापत्रक आखले. साठानोंदवही लिहिण्याचे जे तंत्र मी औषधभांडारासाठी शिकलो होतो, ते एखाद्या अनोळखी बाळंतिणीच्या उशाशी उपयोगी पडते, ही जाणीव मला कोणत्याही पदोन्नतीपेक्षा मोलाची वाटते.

दुसरा लाभ मागण्याच्या शिक्षणाचा. प्रशासकाच्या हाती परिपत्रक असते. खाली सही असली की काम होते. ते सहीमुळे झाले की पटल्यामुळे, हे कळण्याचा मार्ग नसतो. रक्तदानात हा मार्ग सर्वस्वी बंद ठेवावा लागतो आणि त्याचे कारण केवळ शिष्टाचाराचे नाही. दात्याच्या रक्ताची तपासणी होतेच. परंतु संसर्गानंतरच्या प्रारंभीच्या काळात काही आजार तपासणीत सापडत नाहीत. अशा वेळी रुग्णाचे संरक्षण दात्याने प्रश्नावलीत दिलेल्या खऱ्या उत्तरावर अवलंबून असते. साहेबांची मर्जी राखण्यासाठी खुर्चीवर बसलेला माणूस आपली कावीळ, आपले औषध किंवा आपले व्यसन लपवील. स्वेच्छेने आलेला माणूस लपविणार नाही. म्हणून आम्ही नियम केला, की कोणी रक्त दिले, कोणी नाकारले आणि कोणाला वैद्यकीय कारणास्तव परत पाठविले, याची माहिती विभागप्रमुखांकडे जाणार नाही आणि गोपनीय अहवालात तिचा उल्लेख होणार नाही. मलाही केवळ आठवड्याची एकूण संख्या कळते. ‘नाही’ म्हणण्याची पूर्ण मोकळीक दिल्यावर जो ‘हो’ मिळतो, त्याचे मोल मला तेथे समजले. आता कार्यालयातही परिपत्रक काढण्यापूर्वी मी स्वतःला विचारतो, की ही गोष्ट सहीविना मागितली असती तर मिळाली असती काय?

तिसरा लाभ माणसांच्या ओळखीचा. हजेरीपत्रकावर ज्यांची नावे मी वर्षानुवर्षे पाहत होतो, ती माणसे मला येथे भेटली. आपल्या धुलाई विभागातील एका सहकाऱ्याला परिसरातील बहुतेक सर्व गणेश मंडळांचे कार्यकर्ते नावाने ठाऊक आहेत. दूरध्वनी कक्षातील भगिनीला कोणत्या दात्याला सकाळी फोन करावा आणि कोणाला सायंकाळी, हे तोंडपाठ आहे. सफाई विभागातील एक ज्येष्ठ मावशी प्रथमच रक्त देणाऱ्या तरुणाशेजारी बसून त्याच्या गावच्या गोष्टी काढतात आणि सुई केव्हा गेली हे त्याला समजतही नाही. या गुणांसाठी आपल्या सेवापुस्तिकेत रकाना नाही. नेतृत्व करणाऱ्याला ते सर्वांआधी पाहावयास मिळतात, हा त्याचा विशेष लाभ.

चौथा लाभ थोडा अवघड आहे. रक्त देण्यास हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असावे लागते. उत्साहाने आलेल्या आपल्या कितीतरी भगिनींना या एका आकड्यामुळे परत जावे लागले. इतरांची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांच्या अंगी स्वतःपुरतेही रक्त नाही, हे वास्तव रक्तदानाच्या रांगेने आमच्यासमोर आणले. आहारतज्ज्ञ आणि वैद्यकीय विभाग यांच्या साह्याने त्यांची तपासणी व उपचार सुरू झाले. त्यांपैकी काही जणी पुढे दात्या झाल्या, काहींनी दात्यांच्या यादीचे काम अंगावर घेतले. ज्यांच्याकडून घ्यावयास निघालो, त्यांना आधी द्यावे लागते, हा धडा मी व्यवस्थापनाच्या कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता.

या सर्वांची कसोटी २०२० मध्ये लागली. टाळेबंदीमुळे महाविद्यालये व कार्यालये बंद झाली, शिबिरे थांबली आणि राज्यभर रक्ताचा तुटवडा जाणवू लागला. थॅलेसेमियाच्या मुलांना मात्र साधारण दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतेच. त्यांचा आजार टाळेबंदी पाळत नाही. त्या दिवसांत आपल्या गटातील दाते ठरलेल्या वेळी, अंतर राखून, दोघे-दोघे असे येत राहिले. त्यांना आदेश कोणी दिला नव्हता. आपण आदेश न देता उभी केलेली व्यवस्था आपत्काळीही उभी राहते, हे पाहण्याचे भाग्य प्रशासकाला क्वचितच लाभते. मला ते लाभले.

मित्रहो, इतके लाभ एकाच माणसाने वर्षानुवर्षे आपल्या खाती जमा करून घ्यावेत, हे न्याय्य नाही. म्हणून मी विश्वस्त मंडळापुढे एक प्रस्ताव ठेवला आहे. येत्या १४ जूनच्या जागतिक रक्तदाता दिनापासून या गटाचे नेतृत्व दर दोन वर्षांनी बदलावे आणि नेतृत्व करणारी व्यक्ती विभागप्रमुख नसावी. जिच्या हाती परिपत्रक नाही, तिला हे काम माझ्यापेक्षा अधिक चांगले जमेल, अशी माझी खात्री आहे. ज्यांना इच्छा असेल त्यांनी रक्तपेढीत आपले नाव द्यावे. इच्छा नसेल त्यांना कोणीही कारण विचारणार नाही. नव्या प्रमुखाला आठवड्याची साठानोंदवही लिहिण्यास मदतनीस हवा असल्यास माझा अर्ज आजच दाखल आहे असे समजावे.