हेन्रीची जखम

तर मंडळी, स्टीफन क्रेनची ‘द रेड बॅज ऑफ करेज’. अमेरिकेच्या यादवी युद्धावरची, 1895 सालची कादंबरी. क्रेनने तोवर लढाई पाहिलीही नव्हती, बरं का!

हेन्री फ्लेमिंग हा पोरगा पहिला हल्ला झेलतो, दुसऱ्याला बंदूक टाकून पळत सुटतो. पुढे पळणाऱ्यांच्याच गर्दीत आपल्याच बाजूचा एक सैनिक त्याच्या डोक्यात बंदुकीचा दस्ता हाणतो. तुकडीत परतल्यावर सगळ्यांना वाटतं, गोळी चाटून गेली. आणि हाही गोळी लागल्याचंच सांगतो!

दुसऱ्या दिवशी तोच हेन्री झेंडा घेऊन पुढे धावतो. मला तरी ते धाडस खरं वाटतं. पण आदल्या दिवशी त्याने एका घायाळ सैनिकाला रानात एकटं सोडलेलं असतं. तो बिचारा सारखा विचारत होता, तुला कुठे लागलंय? लढाईनंतर परततानाही हेन्रीला तोच आठवतो.