दुसरी हार्ड डिस्क बसवली, पण दिसत नाही? फॉरमॅट दाबायच्या आधी हे ऐका

आजचा विषय तुमच्याकडून सारखा येणाऱ्या प्रश्नाचा आहे. कॉम्प्युटरमध्ये दुसरी हार्ड डिस्क बसवली, स्क्रू आवळले, कॉम्प्युटर चालू केला, 'धिस पीसी' उघडलं आणि तिथे फक्त जुनेच सी आणि डी. नवी डिस्क कुठेच नाही. मग दुकानदाराला फोन, "डिस्क खराब दिली का हो?"

बहुतेक वेळा डिस्क खराब नसते. 'दिसत नाही' या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. एक, मशीनला डिस्क दिसत नाही. दोन, मशीनला दिसते, पण तिच्यावर पार्टिशन नाही. तीन, सगळं तयार आहे, पण तिला नाव मिळालेलं नाही. तिन्हींचा इलाज वेगळा. आणि चुकीच्या तक्रारीवर चुकीचा इलाज केला तर कधीकधी वर्षभराचं काम हातातून जातं. तेही सांगणार आहे, अहमदपूरच्या एका खऱ्या उदाहरणासकट.

पहिली पायरी, मशीन. कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा. कुठली की ते मॉडेलवर असतं, सुरुवातीला स्क्रीनवर लिहून येतं. तिथे जोडलेल्या डिस्कांची यादी असते. नवी डिस्क त्या यादीत नसेल, तर विंडोजमध्ये काहीही करून उपयोग नाही. आधी वायरी बघायच्या.

कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा, मग डबा उघडा. डेस्कटॉपच्या साटा डिस्कला दोन वायरी लागतात. बारीक असते ती डेटाची, तिला ७ पिना. रुंद असते ती पॉवरची, तिला १५ पिना. बरेच जण डेटाची लावतात आणि पॉवरची विसरतात. दोन्ही नीट बसल्यात का बघा, डेटाची वायर बदलून बघा, मदरबोर्डवरचं दुसरं पोर्ट वापरून बघा.

एक गंमत अजून. बऱ्याच मदरबोर्डवर एम डॉट टू स्लॉटमध्ये एसएसडी लावली की एखाददुसरं साटा पोर्ट आपोआप बंद होतं, कारण दोघांची वाट आत एकच असते. कुठलं पोर्ट बंद होतं ते मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये असतं. पोर्ट बदललं की डिस्क दिसायला लागते.

दुसरी पायरी, पार्टिशन. डिस्क बायोसमध्ये आहे, पण विंडोजमध्ये नाही. स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करा आणि 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. इथे खालच्या बाजूला प्रत्येक डिस्कची आडवी पट्टी दिसते. डिस्क शून्य, डिस्क एक, डिस्क दोन.

आता एक गैरसमज काढून टाकू. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी कॉम्प्युटर एमएस-सीआयटीच्या क्लासमध्ये पहिल्यांदा हाताळला, आणि डोक्यात बसलं की सी म्हणजे एक डिस्क, डी म्हणजे दुसरी. तसं नसतं. एकाच डिस्कचे दोन तुकडे करून एकाला सी आणि दुसऱ्याला डी म्हणता येतं. शेत एकच, मध्ये बांध घातला. डिस्क म्हणजे जमीन, पार्टिशन म्हणजे बांध घालून पाडलेला तुकडा, आणि सी, डी, ई ही नुसती नावं. सीपासून सुरुवात का? कारण ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, पण सवय राहिली.

कोरी डिस्क म्हणजे बांध नसलेली जमीन. म्हणून डिस्क मॅनेजमेंट विचारतं, 'इनिशिअलाइज डिस्क', आणि दोन पर्याय देतं, एमबीआर की जीपीटी. एमबीआर जुनी पद्धत आहे, १९८३ सालच्या पीसी डॉस २.० बरोबर आलेली. तिच्यात डिस्कवरच्या कप्प्यांचा, म्हणजे सेक्टरचा आकडा ३२ बिटांत लिहितात. म्हणजे जास्तीत जास्त साधारण ४२९ कोटी कप्पे. एका कप्प्यात ५१२ बाइट धरले तर हिशोब २.२ टीबीपाशी संपतो. त्यापुढची जागा एमबीआरला मोजताच येत नाही. आजच्या कॉम्प्युटरवर नवीन डिस्क असेल तर सरळ जीपीटी निवडा.

त्यानंतर काळ्या पट्टीवर, जिथे 'अनअलोकेटेड' लिहिलंय, तिथे राइट क्लिक, 'न्यू सिंपल व्हॉल्यूम', नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. झालं. आणि १ टीबीच्या डिस्कवर ९३१ जीबी दिसले तर भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. डिस्क तेवढीच आहे.

तिसरी पायरी, नाव. पट्टी निळी आहे, पार्टिशन आहे, पण अक्षर नाही. राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', 'ॲड', एखादं मोकळं अक्षर द्या. लगेच दिसेल. लिनक्सवाल्यांनी टर्मिनलमध्ये 'एलएसबीएलके' टाइप करा, सगळ्या डिस्का दिसतील. तिथे अक्षरांऐवजी डिस्क एखाद्या फोल्डरला जोडतात, त्याला माउंट करणं म्हणतात.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. आता मुद्द्याचं.

वरचे सगळे इलाज कोऱ्या डिस्कसाठी आहेत. 'इनिशिअलाइज' आणि 'फॉरमॅट' ही बटणं कोऱ्या डिस्कला बरोबर असतात. पण त्याच खिडक्या जुन्या, भरलेल्या डिस्कसाठीही उघडतात. विंडोजला डिस्कवर काय आहे ते वाचता आलं नाही की ते फॉरमॅट करायचं का असं विचारतं. डिस्क रिकामी आहे असा त्याचा अर्थ होत नाही. मला वाचता येत नाही, एवढंच ते सांगतं.

अहमदपूरला माझा मावसभाऊ लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ शूटिंग करतो. त्याच्याकडे ३ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क होती, यूएसबीने जोडायची, मोठ्या डब्यातली. दोन लग्नसराईंचं शूटिंग तिच्यात होतं, आणि त्यातले काही अल्बम अजून लोकांना द्यायचे होते. एके दिवशी डब्याचं यूएसबी पोर्ट ढिलं झालं. हात लावला की डिस्क गायब. त्याने काय केलं, डबा फोडला, आतली डिस्क काढली आणि दुसरी डिस्क म्हणून सरळ कॉम्प्युटरमध्ये बसवली. विचार अगदी बरोबर होता, आतली डिस्क साधी साटाचीच असते.

मी पुण्यात होतो. त्याचा व्हिडिओ कॉल आला. "दादा, डिस्क आत लावलो, पण हे फॉरमॅट कर म्हणायलंय. करू का?"

मी म्हटलं, "काही दाबू नकोस. आधी डिस्क मॅनेजमेंट दाखव."

पट्टी बघितली. ३ टीबीच्या डिस्कवर फक्त ३४९ जीबीचं एक पार्टिशन, त्याच्यापुढे 'रॉ' लिहिलेलं, आणि बाकी सगळी जागा रिकामी. बायोसमध्ये मात्र डिस्क पूर्ण ३ टीबीची. म्हणजे डिस्क धडधाकट होती.

३४९ हा आकडाच सगळं सांगत होता. ३ टीबी म्हणजे विंडोजच्या मापात साधारण २,७९४ जीबी. त्याला ८ ने भागा, ३४९ येतात.

८ च का? मघाशी एमबीआरची २.२ टीबीची मर्यादा सांगितली. बाहेरच्या मोठ्या डिस्का जुन्या विंडोज एक्सपीवरही चालाव्यात म्हणून काही डब्यांतल्या सर्किटने एक युक्ती केलेली असते. ते कॉम्प्युटरला सांगतं, माझा एक कप्पा ५१२ बाइटचा नाही, ४,०९६ बाइटचा आहे. आठपट मोठा कप्पा, म्हणजे तेवढ्याच आकड्यात आठपट जागा मोजता येते. पण डबा काढून टाकला की मधला दुभाषी गेला. डिस्क सरळ जोडली की कॉम्प्युटर कप्पा ५१२ चा धरतो आणि जुना नकाशा नव्या मापाने वाचतो. सगळी अंतरं आठव्या हिश्शावर येतात. एकरात लिहिलेला सातबारा गुंठ्यात वाचल्यासारखं. जमीन तिथेच असते, आपण बांध भलत्याच ठिकाणी शोधतो.

त्या वेळी फॉरमॅट दाबलं असतं तर? नवा नकाशा जुन्यावर लिहिला गेला असता. क्विक फॉरमॅटने सगळा डेटा पुसला जात नाही, रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरने बरंच परत मिळू शकतं. पण फाइलींची नावं, फोल्डर, तारखा यांचा भरवसा राहत नाही, आणि वर काही नवीन कॉपी केलं की खालचं जातंच. एसएसडी असेल तर अजून कठीण, कारण फॉरमॅटनंतर ती जुनी जागा आतल्या आत साफ करून टाकते.

इलाज साधा होता. डिस्क परत त्याच डब्याच्या सर्किटला लावायची. अहमदपुरातल्याच एका मोबाइल दुरुस्तीवाल्याने ते ढिलं पोर्ट सोल्डर करून दिलं. डिस्क जोडली आणि सगळी फोल्डर जशीच्या तशी. काही कंपन्यांचे डबे तर डेटा आतल्या आत कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्टही करतात. तिथे तेच सर्किट नसेल तर डिस्क वाचताच येत नाही. म्हणून डबा फोडला तरी सर्किट फेकायचं नाही.

मग त्याने ४ टीबीची नवी डिस्क आणली, कॉम्प्युटरमध्ये बसवली, जीपीटी केली आणि कॉपी सुरू केली. सेकंदाला १०० एमबीचा वेग धरला तरी २ टीबीला साडेपाच तास लागतात. लाइटचा भरवसा नाही, म्हणून यूपीएसवर, रात्री. सकाळी चार-पाच फोल्डर उघडून, व्हिडिओ मधून मधून चालवून बघितले. जुनी डिस्क त्याने पुसली नाही. ती आता दुसरी प्रत म्हणून कपाटात आहे.

हेच मोबाइललाही लागू आहे, मंडळी. मेमरी कार्ड टाकलं की फोन विचारतो, कार्ड सेट अप करायचं का. अँड्रॉइड ६ पासून काही फोनमध्ये कार्ड फोनची आतली मेमरी म्हणून वापरायचा पर्याय असतो. तो निवडला की कार्ड फॉरमॅट होतं, एन्क्रिप्ट होतं आणि त्याच फोनशी बांधलं जातं. फोन बिघडला आणि कार्ड दुसऱ्या फोनमध्ये टाकलं, तर तो म्हणणार फॉरमॅट करा. तुमच्या आईच्या फोनमधल्या कार्डात दहा वर्षांचे फोटो असतील, तर तिथे पटकन 'ओके' दाबू नका.

तर लक्षात ठेवायचं एवढंच. दिसत नाही म्हटलं की आधी बायोस बघा. तिथे नसेल तर वायर आणि पोर्ट. तिथे असेल तर डिस्क मॅनेजमेंट. आणि तिथलं कुठलंही बटण दाबायच्या आधी स्वतःला एक प्रश्न विचारा, ही डिस्क कोरी आहे का? हो असेल तर बिनधास्त पुढे जा. नाही असेल, किंवा नक्की माहीत नसेल, तर 'कॅन्सल' दाबा, डिस्क मॅनेजमेंटच्या पट्टीचा फोटो काढा आणि जाणकाराला पाठवा. कॅन्सल दाबून आजवर कुणाचा डेटा गेलेला नाही.

तुमच्याकडे अशी एखादी अडलेली डिस्क असेल तर तो फोटो आम्हालाही पाठवा, पुढच्या एखाद्या भागात घेऊ. तोपर्यंत दोन प्रती ठेवा आणि ऐकत राहा. भेटूया.